धानाच्या गिरणीतली अभियांत्रिकी

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यार्थी वर्कशॉपमध्ये लोखंडाचा एक तुकडा कानशीने घासतो, गुण्या लावून काटकोन तपासतो आणि दोन तुकडे एकमेकांत बसवतो. सांध्यातून उजेड दिसला की जॉब पुन्हा कानशीखाली. इथे चूक मास्तरांच्या आधी लोखंडच दाखवते. पुढच्या वर्षांत असे प्रसंग कमी होत जातात. बहुतेक प्रॅक्टिकलांचे उत्तर आधीच ठाऊक असते. आलेख सरळ आला नाही, तर मागच्या बॅचच्या जर्नलमधून रीडिंग उतरवले जाते. मुलांना अभ्यासाची गोडी लागत नाही, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. गोडी आटते त्याचे एक कारण या उतरवलेल्या रीडिंगमध्ये आहे.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीनुसार आतून येणारी प्रेरणा तीन गोष्टींवर पोसते: निर्णय स्वतः घेता येणे, आपल्याला काही जमते आहे असे जाणवणे आणि सोबतच्या माणसांशी नाते असणे. उत्तर ठरलेल्या प्रॅक्टिकलात पहिल्या दोन्ही गोष्टींना फारसा वाव नसतो. अडलेले यंत्र सुरू करायचे असेल, तर तिन्ही लागतात.

अशी यंत्रे गोंदियात शोधावी लागत नाहीत. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा. राईस मिल ही इथली रोजची गोष्ट. गोंदिया शिक्षण संस्थेचे मनोहरभाई पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून याच शहरात आहे. (त्याच वर्षी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला, आणि शाळेत न रमलेली मुले तिथे वेल्डिंग, बांधकाम, शेती करत शिकू लागली. हाताने शिकणे ही परदेशातून आलेली नवलाई नव्हे.)

राईस मिलमधला शेलर घ्यावा. त्यात दोन रबरी रोल समोरासमोर, उलट दिशांनी फिरतात; एकाचा वेग जास्त, दुसऱ्याचा कमी. धानाचा दाणा मधल्या फटीत शिरला की एक बाजू पुढे ओढली जाते, दुसरी मागे राहते आणि तूस सुटते. पुस्तकातला सापेक्ष वेग आणि घर्षण इथे तांदूळ होऊन बाहेर पडतात. फट दाण्याच्या जाडीपेक्षा कमी ठेवावी लागते. पण किती कमी, ते धानाची जात, ओलावा आणि रोलची झीज यांवर ठरते. फट जास्त आवळली तर कणी वाढते आणि रबर लवकर झिजते. सैल सोडली तर न सोललेले धान पुढे जाते. वेगाने फिरणारा रोल आधी झिजतो, म्हणून मिस्त्री दोन्ही रोल अदलाबदल करून लावतो. त्याने हे कुठल्या पुस्तकात वाचलेले नसते. विद्यार्थ्याने मात्र ते पुस्तकाशी जोडायचे असते: झिजून व्यास घटला की पृष्ठभागाचा वेग घटतो, दोन रोलांतला फरक कमी होतो आणि सोलणे बिघडते. एका ओळीचे सूत्र, पण ते मिस्त्रीच्या शेजारी उभे राहून सापडले की सहसा विसरत नाही.

इथल्या चुकीला किंमतही असते. सरकारी धानाच्या भरडाईत क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ परत द्यावा लागतो, उसना म्हणजे उकडा असल्यास ६८. कणी जास्त निघाली तर मालकाच्या खिशाला झळ बसते. आधी वाफवलेल्या धानाची कणी कमी का होते, या प्रश्नातून दाण्यातल्या स्टार्चपर्यंत जाता येते. विद्युत शाखेच्या मुलांना मोटरी आणि पॉवर फॅक्टर भेटतो, तर बॉयलरमध्ये जाळलेल्या तुसाच्या सिलिकायुक्त राखेचा उपयोग सिव्हिलवाल्यांना काँक्रीटमध्ये तपासता येतो.

तिरोड्याचा ३,३०० मेगावॉटचा औष्णिक वीजप्रकल्पही याच जिल्ह्यात आहे. ६६० मेगावॉटचे पाच सुपरक्रिटिकल संच, त्यांत पाणी न उकळता थेट वाफेत बदलते. अशी स्थळे पाहण्यासारखी खरी. पण हेल्मेट घालून रांगेने फिरताना कुठल्याच नॉबला हात लावता येत नाही. शिकण्याच्या दृष्टीने अशा सहलीपेक्षा छोट्या गिरणीतला आठवडा मोलाचा. सिव्हिलच्या मुलांसाठी मालगुजारीच्या काळापासूनचे मामा तलाव आहेत: लेव्हल लावून पाळीची उंची मोजणे, साठलेला गाळ आणि उरलेली क्षमता काढणे. अशा स्थानिक प्रश्नांवर महाविद्यालयांनी काम करावे, यासाठी राज्यात २०१६ पासून उन्नत महाराष्ट्र अभियान आहे.

असे करून शिकण्याचा उपयोग किती? स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या २२५ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. मुले स्वतः काही करत शिकतात त्या वर्गांच्या तुलनेत नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापास होण्याची शक्यता दीडपट निघाली. हार्वर्डमधल्या २०१९ च्या एका अभ्यासात गमतीशीर गोष्ट दिसली: करून शिकणारी मुले जास्त शिकली, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले. अडखळण्याचा त्रास होतो आणि तो अज्ञानासारखा वाटतो. हे आधी सांगितले नाही, तर तीच मुले 'सर, नोट्स द्या' म्हणतात.

अडचणी व्यवहारातल्या आहेत. वीस जणांच्या बॅचला एक लेथ असली की दोघे हँडल फिरवतात, बाकीचे बघतात. गट चार-पाचांचाच हवा. चालत्या पट्ट्यापाशी सैल बाही नको, धूळ आहे म्हणून मास्क हवा. गुणही रीडिंग जुळण्यावर देऊन चालत नाही. रीडिंग का जुळले नाही, हे विद्यार्थ्याने जर्नलमध्ये लिहावे आणि तोंडी परीक्षेत तेवढेच विचारावे.

आणि वेळापत्रक. खरिपाचे धान गिरणीत येऊ लागते, तेव्हा विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा जवळ आलेल्या असतात. मालकालाही त्या दिवसांत विद्यार्थी पायात नको असतात. उन्हाळी धान निघते मे-जूनमध्ये, परीक्षा उरकत आलेल्या असताना. गिरणीत जायचे तर तेव्हाच.