पत्र्याच्या पेटीवरचे गाठोडे

आमच्या माहेरी, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अम्मीच्या खोलीत एक पत्र्याची पेटी आहे. त्या पेटीवर दीड वर्ष एक गाठोडे पडून होते. वर जुनी चादर टाकलेली. झाडताना, पुसताना ते कुणी हलवत नसे.

आम्ही तिघी बहिणी. धाकटीला पहिल्यांदा दिवस राहिले तेव्हा आम्ही थोरल्या दोघी, अम्मी आणि नानी अशा चौघींनी मोठ्या हौसेने बाळाची तयारी केली. आठ झबली, दोन डझन लंगोट, तीन टोपरी, मलमलीची सहा दुपटी. आठव्या महिन्यात एके रात्री तिच्या पोटात कळ आली, अंगावरून गेले आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळे संपले होते. मुलगा होता. सहा दुपट्यांपैकी एक त्याच्याबरोबर गेले. उरलेली पाच आणि बाकीचे कपडे अम्मीने गाठोड्यात बांधून पेटीवर ठेवले.

पुढे धाकटी पुन्हा गरोदर राहिली. बातमी सांगतानाच ती म्हणाली, "या वेळी कुणी काही शिवायचे नाही." शेजारच्या खालांनीही तेच सांगितले. "मागच्या खेपेला आधीपासून पसारा मांडला, म्हणून नजर लागली."

आम्ही गप्प बसलो. नानी मात्र बोलल्या. "कपड्यांनी लेकरू जात नाही. अल्लाहची अमानत होती, त्याने परत घेतली. पण आपलं काय चुकलं ते मात्र आपण बघायला हवं."

आमचे काय चुकले होते

नानींचे बोलणे आम्हाला झोंबले, कारण ते खरे होते. डॉक्टरांनी मागेच सांगितले होते की रक्तदाब वाढला होता आणि वार वेळेआधीच सुटली होती. सातव्या महिन्यात धाकटीचे पाय सुजले तेव्हा आम्ही म्हणालो, "होतंच असं." तोंड सुजले, डोके दुखू लागले, तेव्हा आम्ही बाम चोळला. झबल्यांच्या नाड्या कोणत्या रंगाच्या असाव्यात यावर आम्ही दोन दिवस चर्चा केली, पण तिचा रक्तदाब त्या सबंध काळात दोनदाच मोजला गेला होता. तपासणी केली असती तर सगळे निभावलेच असते, असे कुणीच सांगू शकत नाही. पण आमच्या हातात जे होते, तेही आम्ही केले नव्हते.

म्हणून या वेळी तयारीची सुरुवात सुई-दोऱ्याने नव्हे, एका वहीने झाली. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी आरोग्य केंद्रात आणि रुग्णालयात चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान 2016 पासून सुरू आहे, आणि आम्हाला त्याची कल्पनाही नव्हती. वहीत आम्ही प्रत्येक तपासणीची तारीख, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीची तपासणी लिहीत गेलो. लोहाच्या गोळ्या किती घेतल्या तेही लिहिले. मागचा इतिहास ऐकून डॉक्टरांनी तपासण्या वाढवल्या आणि औषध सुरू केले.

वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवले: सतत डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर व हातांवर सूज, छातीखाली पोटात दुखणे, अंगावरून जाणे, पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी वाटणे. यातले एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहायची नाही. त्याखाली 108 आणि 102 हे रुग्णवाहिकेचे क्रमांक, रक्तगट, आणि रात्री-अपरात्री गाडी काढील अशा दोन शेजाऱ्यांची नावे. भगिनींनो, आपल्या घरी कुणी गरोदर असेल तर हे पान आजच लिहा.

गाठोडे कुणी सोडले

नजर आणि तयारी यांचा संबंध आपल्या घराघरांत जोडला जातो. आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण दुकानाला, शेतीला, परीक्षेला लावतो, बाळंतपणाला मात्र लावत नाही. दिव्य कुरआनात ह. मूसा (अ.) यांच्या आईची हकिकत आहे. फिरऔनच्या भीतीने तिला तान्ह्या बाळाला पेटीत ठेवून नदीत सोडावे लागले. तिचे मन किती व्याकूळ झाले होते, हे सूरह कससमध्ये आले आहे. अल्लाहने तिच्या काळजीला कमी इमान म्हटले नाही. तिच्या मनाला धीर दिला. आईची भीती आणि आईची तवक्कुल एकाच काळजात राहू शकतात.

हे आम्ही धाकटीला समजावून सांगायचे ठरवले होते. पण नानींनी अडवले. "तिला वाज करू नका. तिचं गाठोडं आहे, ती सोडेल."

सातव्या महिन्याची तपासणी झाली त्या दुपारी धाकटी पेटीजवळ गेली. तिने स्वतः गाठ सोडली. दुपटी मोजली. पाच. बराच वेळ त्यांच्यावरून हात फिरवत बसली. खाला म्हणाल्या होत्या की हे कपडे गरिबाला देऊन टाका, पुन्हा घरात वापरू नका. ती म्हणाली, "थोरल्या भावाचे कपडे धाकट्याने घालायचेच असतात." आणि सगळे धुवायला टाकले.

काय शिवावे, कसे शिवावे

त्या कपड्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास लागला होता. आरोग्यसेविकेने ते पाहून आम्हाला चांगलेच सुनावले. काही बाळांच्या रक्तात एका विकराची जन्मजात उणीव असते. अशा बाळाला डांबराच्या गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांनी जोराची कावीळ होऊ शकते. आम्ही कपडे तीनदा धुतले, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवले आणि कडुलिंबाचा वाळला पाला पुरचुंडीत बांधून स्वच्छ डब्यात ठेवले.

बाळाच्या कपड्याला नव्या कापडापेक्षा वापरून मऊ झालेले सुती कापड बरे. अब्बांचे जुने मलमली कुर्ते, अम्मीच्या सुती ओढण्या आम्ही कामी आणल्या. झबले पुढून उघडे ठेवावे, म्हणजे डोक्यातून ओढावे लागत नाही. बटणाऐवजी कापडाच्याच आखूड नाड्या लावाव्यात. बटण तुटले तर तोंडात जाते आणि लांब नाडी गळ्याभोवती अडकते. शिलाई बाहेरच्या बाजूला राहील असे शिवावे. उलटे दिसले तरी चालेल, बाळाच्या अंगाला काचणार नाही. लंगोटासाठी चोवीस इंचांचा चौकोन पुरतो, घडी घातली की त्रिकोण होतो. जर, टिकल्या, मणी यांची हौस अकीक्याच्या दिवसापुरतीसुद्धा नको.

लोकरीचे मोजे विणले तर आतून दोऱ्याची टोके कापून टाकावीत. सुटा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला गेला तर रक्त अडते आणि बाळ का रडते ते कळतच नाही.

धाकटी स्वतः शिवायला बसे ती अर्धा तासच, भिंतीला पाठ टेकून, पायाखाली पाट घेऊन. मग उठून चार पावले चालायची.

नानींची वाकळ

वाकळ नानींनी घातली. तीन सुती लुगडी. एक त्यांचे स्वतःचे, एक अम्मीचे, एक धाकटीच्या सासूबाईंनी पाठवलेले. सासूबाईंनी मागच्या खेपेपासून आमच्याकडे फारसे बोलणे ठेवले नव्हते. नानींनीच निरोप धाडला, "तुमचं एक जुनं लुगडं हवं आहे, पोराला दोन्ही घरची ऊब मिळू द्या." तिसऱ्या दिवशी लुगडे घेऊन सासूबाई स्वतः आल्या आणि दोन तास टाके घालत बसल्या.

पद्धत सोपी आहे. लुगडी धुऊन खळ काढून टाकायची. मीटर-सव्वा मीटरचे पाच थर एकावर एक पसरायचे, सुरकुती राहू द्यायची नाही. कोपऱ्यांवर वजन ठेवून आधी मोठाले कच्चे टाके घालायचे. मग कडेने धावदोरा सुरू करून बोटभर अंतर ठेवत चारी बाजूंनी आत आत यायचे. सुती दोरा वापरायचा आणि गाठी थरांच्या आत लपवायच्या. कच्चे टाके शेवटी उसवायचे. रोज दोन तास बसले तर पंधरा-वीस दिवसांत छोटी वाकळ होते. खर्च फक्त दोऱ्याचा.

ही वाकळ बाळाच्या खाली घालायची, अंगावर नव्हे. तान्ह्याला जड पांघरूण घालू नये.

खोली नाही, कोपरा पुरे

मोठ्या शहरांत हल्ली बाळासाठी वेगळी खोली सजवतात, भिंतीवर ढग रंगवतात. आमच्या घरात दोनच खोल्या. पण तान्ह्याला पहिले काही महिने आईजवळच हवे असते. अम्मीच्या खोलीतला खिडकीपासून जरा आतला, वारा सरळ न लागणारा कोपरा आम्ही रिकामा केला. रंगकाम धाकटी दोन आठवडे सासरी असताना उरकून घेतले. डब्यावर शिशाचे प्रमाण पाहिले. 2017 पासून घरगुती रंगात ते 90 पीपीएमपेक्षा जास्त असू नये असा आपल्या देशात नियम आहे.

कोपऱ्यात ठेवले ते एवढेच: सपाट, घट्ट गादी, मच्छरदाणी, कपड्यांचा डबा, हात धुण्यासाठी साबण आणि भांडे. बाळाला झोपवायचे ते पाठीवर, तोंड उघडे ठेवून. मोहरीची उशी, मऊ लोड, कापडी बाहुल्या झोपेच्या जागी नकोत, श्वास कोंडू शकतो. साडीची झोळी आमच्याकडेही बांधतात. पण झोळीत हनुवटी छातीवर टेकते, म्हणून डोळ्यांसमोर थोडा वेळ जोजवावे आणि झोप लागली की गादीवर ठेवावे. गळ्यात काळा धागा नको. काजळ आणि सुरमा डोळ्यांत नको, त्यात शिसे असू शकते. तहनीकसाठी मध मात्र वापरू नये. वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा असतो. खजूर चावून त्याचा नुसता अंश टाळूला लावण्याबाबतही डॉक्टरांना आधी विचारावे, हात धुवावेत. त्यानंतर सहा महिने फक्त आईचे दूध.

खेळणे एकच केले. पांढऱ्या कापडावर काळ्या पट्ट्या शिवलेला हातभर तुकडा. नवजात बाळाला वीतभर अंतरावरचे आणि ठळक काळे-पांढरे तेवढे नीट दिसते. सगळ्यांत जवळचे खेळणे म्हणजे आईचा चेहरा.

आणि मग

पस्तिसाव्या आठवड्यात एका सकाळी धाकटी म्हणाली, "डोकं ठणकतंय." वहीचे पहिले पान कुणाला वाचावे लागले नाही. वीस मिनिटांत आम्ही गाडीत होतो. रक्तदाब फार वाढला होता. त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली. मुलगी. वजन 1900 ग्रॅम.

मेहुण्यांनी तिच्या कानात हळू आवाजात अजान दिली. चार दिवसांनी नर्सने विचारले, "मऊ सुती कापड आहे का? मोठं, स्वच्छ?" आम्ही पिशवीतून ते मलमलीचे दुपटे काढले. नर्सने बाळाला टोपरे, मोजे आणि लंगोट एवढेच घालून धाकटीच्या उघड्या छातीवर उभे ठेवले आणि वरून दुपट्याने बांधले. याला कांगारू काळजी म्हणतात. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात, पेट्या अपुऱ्या पडू लागल्या तेव्हा, एका डॉक्टरांनी ती सुरू केली. कमी वजनाच्या बाळाला आईच्या अंगाची ऊब मिळते, श्वास स्थिरावतो, दूध लवकर उतरते. दिवसातले जितके तास जमतील तितके ठेवायचे. धाकटी थकली की सासूबाई बसत, रात्री मेहुणे. पाचही दुपटी रोज धुतली जात, रोज वाळत. नवी आणायची वेळ आली नाही.

सातवा दिवस दवाखान्यातच गेला. अकीका एकविसाव्या दिवशी घरी केला. त्या दिवशी वाकळीवर ती पहिल्यांदा झोपली. खाला आल्या, वाकळीवरून हात फिरवला आणि विचारले, "कुणी घातली?" नानी म्हणाल्या, "दोन्ही घरांनी."

आता मुलगी आठ महिन्यांची आहे, रांगते. झबली तिला होईनाशी झाली. धाकटीने ती धुऊन, उन्हात वाळवून पुन्हा गाठोड्यात बांधली, कडुलिंबाचा पाला घालून. पेटीवर ते आता पुन्हा आहे, पण चादर टाकलेली नाही. गल्लीत दुसऱ्या एका घरी बाळ येणार आहे. गाठोडे तिकडे जाईल, आणि त्याच्याबरोबर ती वहीही. अल्लाह प्रत्येक आईला सुखरूप ठेवो.