जुनी जीप आणि तिचे ब्रेक

जीप तुम्ही पाहिली असेलच. कुठे ग्रामपंचायतीच्या दारात, कुठे जंगलखात्याच्या नाक्यावर. ही गाडी मूळची लढाईची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने अशा सहा लाखांहून जास्त गाड्या बनवल्या. लढाई 1945 साली संपली आणि जीप शेतात, रानात, डोंगरात कामाला लागली. आपल्याकडे मुंबईच्या महिंद्रा कंपनीने स्वातंत्र्यानंतर ती जोडायला घेतली. पुढे ती इथेच बनू लागली. त्यातली एक उंच बॉनेटची. तिचे इंजिन उंच, म्हणून बॉनेटही उंच करावे लागले.

माझ्या थोरल्या भावाकडे तसली एक जीप आहे. दादांनी ती जुनीच घेतली. दणकट गाडी आहे, तिला काय होतंय, असे सगळे म्हणत. दादाही म्हणत. पण दणकट असतो तो पत्रा, चासी आणि कमानपाटे. ब्रेकमधले रबर दणकट नसते.

एकदा ते कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला निघाले होते. मागे आई बसली होती. अर्ध्या घाटात त्यांनी ब्रेक दाबला, तर पेडल थेट तळाला गेले. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. दादांनी तिसऱ्या गिअरचा दुसरा केला. पहिला पडेना, कारण या जुन्या जीपचा पहिला गिअर धावत्या गाडीत सहज पडत नाही. मग हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेली. गटारात चाक गेले, तेव्हा ती थांबली. आई म्हणाली, “काय रे, फार खड्डे आहेत का?” तिला काही कळलेच नव्हते.

असे का झाले, ते आता पाहू.

पायाखालचे पेडल दाबले की एक दट्ट्या पुढे सरकतो. तो जिथे असतो त्याला मास्टर सिलिंडर म्हणतात. त्यात ब्रेकचे तेल असते. ते तेल बारीक नळ्यांतून चारही चाकांकडे जाते. प्रत्येक चाकात एक छोटा सिलिंडर असतो. तेलाचा दाब आला की तो दोन्ही बाजूंनी ब्रेकशू बाहेर ढकलतो. शू फिरत्या डबड्याला, म्हणजे ड्रमला, घासतात आणि चाक थांबते. पंपाने सायकलच्या चाकात हवा भरता ना, तसाच हा प्रकार. फक्त हवेच्या जागी तेल.

नव्या गाड्यांत तेलाच्या दोन वेगळ्या वाटा असतात. एक फुटली तरी दुसरी चालते. जुन्या जीपला वाट एकच. एका चाकाचा वायसर फाटला, तेल गळाले, की चारही चाकांचे ब्रेक गेले. दादांच्या गाडीत तेच झाले. एका गॅरेजवाल्याने ब्रेकच्या तेलात चक्क इंजिनचे ऑइल ओतले होते. त्या ऑइलने ब्रेकचे रबर फुगते, मऊ पडते. दिसायला दोन्ही तेलच! पण ब्रेकला ब्रेकचेच तेल हवे. डबा वाचून घ्या. गाडीला जे लागते, बहुतेक डॉट 3, तेच त्यावर लिहिलेले असावे. अर्धा उघडा पडलेला डबा वापरू नका. हे तेल हवेतले पाणी शोषते. घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली तर नुसती दबते, शू ढकलत नाही.

आणखी एक खोड. या जीपचा मास्टर सिलिंडर बॉनेटखाली नसतो. तो चालकाच्या पायाखाली, फळीच्या खाली असतो. दिसत नाही, म्हणून कोणी बघत नाही. महिन्यातून एकदा तरी झाकण काढून तेल बघा. आधी माती पुसा, मगच बूच उघडा. नाही तर सगळी माती तेलात.

पेडल स्वतःच रोग सांगते. दाबल्यावर स्पंजासारखे मऊ लागले तर नळीत हवा आहे. पाय ठेवून बसलात आणि ते हळूहळू खाली जाऊ लागले, तर कुठे तरी गळते आहे. पहिल्यांदा खोल गेले, पण दुसऱ्यांदा दाबताच वर लागले, तर शू झिजले आहेत किंवा त्यांना आवळायला हवे. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर त्या दिवशी गाडी बाहेर काढूच नका. ड्रम उघडलात तर आतली धूळ तोंडाने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते, ते छातीत जाऊन बसते. ओल्या फडक्याने पुसा.

हवा काढायला दोन माणसे लागतात. एक पेडल दाबून धरतो. दुसरा चाकामागचा छोटा निपल सैल करतो. तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात. निपल आवळल्यावरच पेडल सोडायचे. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. वरचे तेल संपू देऊ नये, नाही तर सारे काम पहिल्यापासून.

आता हँडब्रेकचे. यात जीव जातो, म्हणून नीट वाचा. या जीपचा हँडब्रेक चाकाला लागत नाही. तो गिअरबॉक्सच्या मागे, फिरत्या शाफ्टला लागतो. मागचे एक चाक जॅकवर उचलले की ते चाक मोकळे फिरते आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी जॅकवरून घसरते. म्हणून आधी चाकांना दगड नव्हे, चांगले लाकडी ठोकळे लावा. चारही चाकांचा गिअर टाका. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. चासीखाली भक्कम टेकू हवाच.

चाक काढताना घाई नको. काही जुन्या जीपना डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. जोर लावून लावून पाना मोडतो, बोल्ट तुटतो, आणि नट मात्र अधिकच आवळत जातो.

ओढ्यातून गाडी नेली तर पलीकडे गेल्यावर थोडे अंतर ब्रेक हलके दाबत चालवा, म्हणजे शू वाळतात. डिफरन्शियलचे तेलही बघा. ते ताकासारखे पांढरे दिसले तर आत पाणी गेले आहे, बदलावेच लागेल. ग्रीस, कमानपाटे, शाफ्टचे क्रॉस यांची कहाणी मोठी आहे. ती पुन्हा केव्हा तरी.

दादांनी आता सीटखाली एक वही ठेवली आहे. तीत तारीख, किलोमीटर आणि काम एवढेच लिहितात. पहिल्या पानावर आहे, “चारही चाकांचे वायसर नवे. सगळे तेल काढून नवे भरले.” खाली आईने वही मागून घेऊन स्वतःच्या हाताने लिहिले आहे, “मी बघितले.”