तेरा हजार एकशे बेचाळीस

गाडीचं सर्व्हिसिंग कुठे करावं आणि त्याचे किती पैसे मोजावेत, हे ठरवण्याआधी एक तिसरा प्रश्न असतो. तो राहून जातो आणि बिल फुगतं.

सकाळी साडेनऊला गाडी सर्व्हिसिंगला टाकून मी ऑफिस गाठलं आणि साडेअकराला मोबाईलवर एस्टिमेट आलं: 13,142 रुपये. पाठोपाठ फोन. ‘सर, अप्रूव्हल द्या, म्हणजे काम सुरू करतो.’ गाडी साधी, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक. तीन वर्षांत 30,000 किलोमीटर झालेले. कुठे खडखड नाही, ब्रेकची तक्रार नाही. ‘एवढे कशाचे हो?’ असं विचारल्यावर पलीकडून शांतपणे उत्तर आलं, ‘सर, थर्टी थाउजंडचं सर्व्हिसिंग आहे ना, मोठं असतं.’

गाडीबरोबर मिळालेलं माहितीपुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात, म्हणजे गाडीसोबत वर्कशॉपमध्येच होतं. तीन वर्षांत त्याचं प्लॅस्टिकचं वेष्टनही मी फाडलेलं नव्हतं. शेवटी कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याची प्रत उतरवून घेतली आणि देखभालीच्या तक्त्याचं पान उघडलं. 30,000 किलोमीटरच्या रकान्यात ‘बदला’ असं चारच गोष्टींपुढे लिहिलेलं होतं: इंजिन ऑईल, ऑईल फिल्टर, एअर फिल्टर आणि एसीचा फिल्टर. बाकी सगळ्यापुढे एकच शब्द: ‘तपासा’.

मग एस्टिमेट पुन्हा वाचलं. साडेतीन लिटर ऑईल 2,100, ऑईल फिल्टर आणि वॉशर 180, एअर फिल्टर 350, एसी फिल्टर 420. लेबर 1,900, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 2,242. बेरीज 5,292 रुपये. पुस्तकातलं काम इथे संपत होतं. उरलेले 7,850 रुपये असे: इंजिन डीकार्बनायझिंग 1,900, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग 850, एसी डिसइन्फेक्शन 950, अंडरबॉडी कोटिंग 2,900 आणि व्हील अलाइनमेंट-बॅलन्सिंग 1,250.

यातलं अलाइनमेंट-बॅलन्सिंग मी ठेवलं, कारण पावसाळ्यातल्या खड्ड्यांनंतर गाडी डावीकडे ओढत होती. बाकीची चारही कामं नको म्हणून कळवली. बिल झालं 6,542, म्हणजे एस्टिमेटच्या निम्म्याहूनही थोडं कमीच. तिकडून वाद झाला नाही की कुणी तोंड वाकडं केलं नाही. ‘ओके सर’ म्हणून फोन ठेवला गेला. मी विचारलं नसतं, तरीही तो तितक्याच शांतपणे ठेवला गेला असता.

आधी काम ठरवा

‘शोरूमला टाकू की गॅरेजला?’ आणि ‘किती घेतील?’ हे दोन प्रश्न प्रत्येक गाडीमालक विचारतो. ‘या वेळी नेमकं काय काम आहे?’ हा प्रश्न मात्र आपण समोरच्यावर सोपवतो, आणि तो सोपवला की भावही त्याच्याच हातात जातो.

आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना दर 10,000 किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, ऑईल आणि ऑईल फिल्टर बदलायचा असतो. ‘माझी गाडी वर्षात तीनच हजार चालते’ म्हणून हे टाळून चालत नाही. न वापरताही ऑईल जुनं होतं. शिवाय दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, त्यामुळे ऑईलमध्ये उतरलेलं पेट्रोल आणि पाण्याचा अंश उडून जात नाही. बऱ्याच पुस्तकांत ‘कठीण परिस्थितीतला वापर’ असा वेगळा तक्ता असतो. धुळीचे रस्ते, सततचं ट्रॅफिक, छोट्या फेऱ्या हे सगळं त्यात मोडतं. हिंजवडी किंवा घोडबंदर रोडला रोज क्लच दाबत जाणाऱ्यांनी आणि ऊसतोडीच्या हंगामात मातीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्यांनी तो जरूर वाचावा. पुस्तक दर वेळी खर्च कमीच करतं असं नाही.

काही कामं पुढे ढकलण्यासारखी नसतातच. ब्रेक ऑईल हे त्यातलं पहिलं. ते हवेतली ओल शोषतं, आणि ओल मुरली की कमी तापमानाला उकळायला लागतं. आंबा घाट उतरताना ब्रेक तापले की त्यात वाफेचे बुडबुडे धरतात आणि पाय खोल जातो. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावं, गाडी कितीही कमी चाललेली असो. सीएनजी गाडी असेल, तर टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी कायद्यानेच बंधनकारक आहे.

आणि ती नाकारलेली चार कामं? ती सरसकट फसवणूक असतात असं नाही. इंजिन अडखळत असेल, आयडलिंगला थरथरत असेल, तर थ्रॉटल बॉडी साफ करणं योग्यच. एसीतून कुबट वास येत असेल, तर तो उपचारही करावा. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाडीला अंडरबॉडी कोटिंगचा खरोखर उपयोग होतो. सोलापूरच्या गाडीला ते दर वर्षी कशाला? आधी लक्षण दिसावं, मग औषध द्यावं. वेळेवर ऑईल बदललेल्या, सुरळीत चालणाऱ्या इंजिनाला केवळ आकडा तीस हजारांवर गेला म्हणून डीकार्बनायझिंग लागत नाही.

मग कुठे?

काम ठरलं की जागा ठरवणं सोपं जातं, आणि ती गाडीच्या वयानुसार बदलते.

वॉरंटी चालू असेपर्यंत कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाणं व्यवहाराचं. सुरुवातीची काही सर्व्हिसिंग ‘फ्री’ असतात. त्यात लेबर माफ असतं, ऑईल-फिल्टरचे पैसे द्यावेच लागतात. बाहेर काम केलं की वॉरंटी गेली, असं आपल्याला बजावलं जातं. यामागे मोठा इतिहास आहे. सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू दिली जात नाही, अशी तक्रार 2011 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेली. 25 ऑगस्ट 2014 रोजी आयोगाने 14 कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. ग्राहकाने बाहेरच्या गॅरेजात काम करून घेतलं एवढ्याच कारणाने वॉरंटी सरसकट रद्द करण्याची अट घालू नये, असंही आयोगाने बजावलं. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या. ग्राहकापुरतं पाहायचं तर, उद्या इंजिनाचा दावा करायची वेळ आली आणि बाहेर झालेल्या कामाची नोंद हातात नसली, तर भांडत बसण्यात वर्ष जातं. दोन हजार वाचवायला हे कोण ओढवून घेईल?

वॉरंटी संपली की हिशेब बदलतो. ऑईल, फिल्टर, ब्रेक पॅड, बॅटरी, सस्पेन्शनचे बुश ही कामं चांगलं गॅरेज तितक्याच नीटपणे करतं, आणि लेबर पुष्कळ कमी लागतं. तिथे आणखी एक सोय असते: ज्याचे हात काळे होतात, त्याच्याशीच आपण बोलतो. सर्व्हिस सेंटरमध्ये बोलतो तो अ‍ॅडव्हायझर, आणि विक्रीचं टार्गेट बहुधा त्याच्याही डोक्यावर असतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, एअरबॅग, हायब्रिड यंत्रणा, सॉफ्टवेअर अपडेट यांसाठी मात्र अधिकृत सेंटरचाच रस्ता धरावा. इलेक्ट्रिक गाडीला इंजिन ऑईलच नसतं, त्यामुळे खर्च कमी येतो. पण तिच्या उच्च दाबाच्या विजेला हात लावणारा माणूस प्रशिक्षितच हवा. कंपनीने एखादा दोष मान्य करून गाड्या परत बोलावल्या असतील, तर ती दुरुस्ती अधिकृत सेंटरमध्ये फुकट होते. तुमची गाडी त्यात आहे का, हे चॅसी नंबर टाकून बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळांवर पाहता येतं.

गॅरेज चांगलं कशावरून? मेस्त्री बॉनेट उघडण्याआधी प्रश्न विचारतो का, ते बघावं. कोणत्या ग्रेडचं ऑईल टाकणार, हे विचारल्यावर तो पुस्तकातला 0डब्ल्यू-20 किंवा 5डब्ल्यू-30 हा आकडा सांगतो, की ‘चांगलंच टाकतो, साहेब’ म्हणतो? त्याच्याकडे स्कॅनर आहे का? आणि काढलेलं काळं ऑईल कुठे जातं? ते बंद पिंपात साठवणारा माणूस तुमचा ड्रेन नटही नीट आवळेल. गटारात ओतणाऱ्याची खात्री मी देणार नाही.

जुन्या गाडीचे पुणेकर मालक अनेकदा नाना पेठेतून पार्ट स्वतः आणतात आणि मेस्त्रीला फक्त मजुरी देतात. पैसे वाचतात, पण पार्ट खराब निघाला तर जबाबदारी आपली. शिवाय नकली फिल्टर आणि ब्रेक पॅड हुबेहूब डब्यात मिळतात, म्हणून दुकान ओळखीचं असावं आणि पक्कं बिल घ्यावं.

किती?

आजच्या भावात, ढोबळमानाने: छोट्या पेट्रोल गाडीचं वार्षिक सर्व्हिसिंग अधिकृत सेंटरला पाच ते सात हजार, गॅरेजला साडेतीन ते साडेचार हजार. कूलंट, ब्रेक ऑईल, स्पार्क प्लग असं सगळं एकत्र येतं त्या वर्षी अधिकृत सेंटरला नऊ ते बारा हजार. डिझेलच्या छोट्या एसयूव्हीला ऑईल पाच-सहा लिटर लागतं, डिझेल फिल्टरही महाग, म्हणून तिचं साधं सर्व्हिसिंगच आठ ते बारा हजारांत जातं. शहरागणिक लेबर बदलतं. काही कंपन्यांच्या संकेतस्थळांवर मॉडेल, शहर आणि किलोमीटर टाकले की अपेक्षित खर्च दिसतो. तो आकडा फोनमध्ये घेऊनच काउंटरला जावं.

बिल हातात आलं की दोन गोष्टी आधी बघाव्यात. पार्टच्या खोक्यावर छापलेली एमआरपी सर्व करांसहित असते. तिच्यावर पुन्हा जीएसटी लावता येत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर 18 टक्के जीएसटी आहे. त्याआधी अनेक भागांवर तो 28 टक्के होता, तेव्हा जुने दर तसेच लागलेले नाहीत ना, हे पाहावं. लेबरवर जीएसटी वरून लागतो, तो रास्तच. मात्र सेवाव्यवसायातली वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असलेल्या छोट्या गॅरेजला नोंदणी बंधनकारक नाही; आणि नोंदणी नसेल, तर त्याला जीएसटी आकारताही येत नाही.

कायदा इथे ग्राहकाच्या बाजूने आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. पण तिथवर जायची वेळ सहसा येत नाही, जॉबकार्डवर सही करताना दोन वाक्यं लिहून घेतली तर: ‘मला विचारल्याशिवाय जादा काम करू नये’ आणि ‘बदललेले जुने पार्ट परत द्यावेत’. जुना फिल्टर घरी नेऊन काही करायचं नसतं. तो डिकीत पडलेला दिसला, की नवा खरंच बसला याची निदान निम्मी खात्री पटते. आणि गणपतीत गावी जायचं असेल, तर गाडी महिनाभर आधी टाकावी. आदल्या आठवड्यात वर्कशॉपमध्ये गाड्यांच्या रांगा लागतात, आणि घाईत ‘तपासा’ या शब्दावर फक्त टिक होते.

यंदा पुन्हा गाडी टाकली. साडेअकराला एस्टिमेट आलं, 10,860 रुपये, आणि पाठोपाठ तोच शांत आवाज. ‘सर, फोर्टी थाउजंडचं सर्व्हिसिंग आहे ना, मोठं असतं.’ या वेळी पुस्तक घरी, माझ्या टेबलावर होतं. 40,000 च्या रकान्यात ‘बदला’पुढे ऑईल आणि फिल्टरच्या जोडीला कूलंट, ब्रेक ऑईल आणि स्पार्क प्लग होते. एस्टिमेटच्या ओळी एकेक करून ताडून पाहिल्या. एकही जादा नव्हती.

‘हो, मोठं आहे,’ मी म्हटलं. ‘करून टाका.’