कुत्रे कुणाचे?

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत आई पहाटे कामाला जाते. बेळगावच्या उपनगरात ती चार घरची धुणीभांडी करते. ऊसतोडीच्या हंगामात ती फडात असते. तिच्या मागे राहिलेले मूल दिवसभर रस्त्यावर किंवा खोपटाबाहेर वाढते. तेथे त्याचा सोबती कुत्रा असतो आणि एखाद्या दिवशी वैरीही तोच ठरतो. मग गल्लीत संताप उसळतो, नगरपालिकेवर मोर्चा जातो, गाडी येऊन दोनचार कुत्री उचलून नेते आणि आठवड्याच्या आत सारे पूर्ववत होते. पूर्ववत होत नाही ते फक्त त्या मुलाचे घर.

केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२४ मध्ये देशात श्वानदंशाची ३७ लाखांहून अधिक प्रकरणे नोंदली गेली. त्यांपैकी पाच लाखांहून अधिक पंधरा वर्षांखालील मुलांची होती. मुलाची उंची कमी, म्हणून चावा बहुधा तोंडावर, मानेवर वा डोक्यावर बसतो. तेथून मेंदू जवळ असल्याने रोगाला फार वेळ लागत नाही. दावणगेरे येथे एप्रिल २०२५ मध्ये कुत्रा चावलेली चार वर्षांची बालिका सुमारे चार महिने मृत्यूशी झगडून ऑगस्टमध्ये गेली. पिसाळीची लक्षणे एकदा दिसू लागली की वैद्यकशास्त्र जवळजवळ हतबल होते. त्यापूर्वी मात्र हा रोग टाळता येतो, हेच या मृत्यूंचे खरे दुःख आहे.

या प्रश्नावर समाज दोन तटांत विभागला आहे. एकाला सारी कुत्री मारून टाकावयाची आहेत, तर दुसऱ्याला चाव्याचा उल्लेखही क्रौर्य वाटतो. दोघेही मूळ प्रश्नाला बगल देतात. हे कुत्रे कुणाचे? सकाळी दारात भाकरीचा तुकडा टाकताना ते आपले असते. लस टोचावयाची म्हटली की ते गल्लीचे होते आणि कुणाला चावले की ते नगरपालिकेचे! मळ्यावर राखणीला ठेवलेले, हौसेने आणून कंटाळा येताच वेशीबाहेर सोडलेले, नको असलेली पिल्ले पोत्यात घालून बाजाराच्या दिवशी टाकून दिलेली, ही सारी ‘भटकी’ कुत्री कधीतरी कुणाच्या तरी उंबऱ्यावरूनच निघालेली असतात.

भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण मुलांना कौतुकाने सांगतो. दत्ताच्या पायाशी श्वान बसतात आणि खंडोबाच्या संगतीलाही कुत्रा असतो. परंतु नामदेवांची भूतदया अर्ध्या वाटेवर थांबणारी नव्हती. आपली दया मात्र शिळ्या तुकड्यापाशी संपते. ज्याला खाऊ घातले, त्याला लस टोचणे, त्याची नसबंदी करविणे, त्याला बांधून वा साखळीने धरून फिरविणे हीही दयाच आहे.

कायदा काही मुका नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव कुत्र्याच्या लसीकरणाची व नसबंदीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. प्राण्याच्या बाबतीत हयगय करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मार्च २०२४ मध्ये केंद्राने तेवीस जातींच्या आक्रमक कुत्र्यांवर बंदीचे परिपत्रक काढले. संबंधितांशी विचारविनिमय न केल्याने कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पुढच्याच महिन्यात रद्द ठरविले. घाईने काढलेल्या फतव्याने कुत्रा सुधारत नाही आणि मालकही नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये नसबंदी, लसीकरण आणि खाऊ घालण्याच्या नेमलेल्या जागा यांचा आदेश दिला. नोव्हेंबरमध्ये शाळा, इस्पितळे आणि बसस्थानके यांच्या आवारांतून कुत्री हलविण्यास सांगितले. आदेश आहेत, प्रश्न आहे तो अंमलबजावणीचा.

ते अशक्य नाही, हे शेजारच्या गोव्याने दाखविले. तेथे दरवर्षी सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस टोचून लसीकरणाचे प्रमाण सत्तर टक्क्यांपर्यंत नेले, शाळाशाळांतून मुलांना शिकविले, आणि २०१८ व २०१९ या वर्षांत तेथे पिसाळीने एकही माणूस दगावला नाही. ज्या बेळगावात व्हॅक्सिन डेपो नावाचे मैदान एके काळच्या लसनिर्मितीची आठवण जपून आहे, त्या बेळगावाला हे का जमू नये?

सीमाभागाची अडचण आणखी एक आहे. कागल आणि निपाणी यांच्यामध्ये माणसांनी रेषा आखली. तिचा वाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. कुत्र्याला ती रेषा ठाऊक नाही. एका बाजूने लस टोचली आणि दुसऱ्या बाजूने टोचली नाही, तर दोन्हीकडचा खर्च पाण्यात जातो. सीमेचा निवाडा होईल तेव्हा होईल. पण बेळगाव आणि कोल्हापूर या दोन जिल्ह्यांनी एकाच आठवड्यात, एकाच मोहिमेने लसीकरण करण्यास कोणत्या न्यायालयाची परवानगी लागते? कोणत्या भाषेत पाटी लावावी यावर येथे वर्षानुवर्षे भांडणे होतात. कुत्रा चावताच जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा, तीवर हळद, चुना वा तिखट लावू नका, त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा आणि एकही टोचणी चुकवू नका, ही पाटी मराठीत आणि कानडीत दोन्हीकडे लागावी.

नगरपालिकांनी कचरा आणि मांसदुकानांची घाण उघड्यावर पडू देऊ नये, पाळीव कुत्र्यांची नोंद सक्तीने करावी, ही आमची मागणी आहे. पण तेवढ्याने आपले कर्तव्य संपत नाही. ज्याच्या दारात कुत्रे जेवते, त्याने ते आपले म्हणावे. तसे म्हणण्याचे धैर्य नसेल, तर तुकडा टाकण्याचे पुण्यही त्याने मिरवू नये. त्या पुण्याची किंमत वखारीत राबणाऱ्या आईचे मूल मोजते आहे.