मागाहून लिहिलेले तीन भाग

8 सप्टेंबर 1877. प्रागमध्ये राहणाऱ्या आंतोनिन द्वोर्झाक या संगीतकाराचा छत्तिसावा वाढदिवस. त्याच दिवशी त्याचा साडेतीन वर्षांचा मुलगा ओताकार देवी येऊन गेला. चार आठवड्यांपूर्वी, 13 ऑगस्टला, अकरा महिन्यांची रूझेना गेली होती. काडेपेट्या बनवताना तेव्हा वापरत ते फॉस्फरसचं द्रावण तिच्या हाती लागलं आणि तिने ते तोंडाला लावलं. त्याही आधी, 1875च्या ऑगस्टमध्ये, योसेफा ही मुलगी जन्मली आणि दोनच दिवसांत गेली. आंतोनिन आणि आना यांच्या लग्नाला चार वर्षंही पुरी झाली नव्हती. घरात एकही मूल उरलं नव्हतं.

त्याच वर्षी 13 नोव्हेंबरला द्वोर्झाकने ‘स्टाबात माटेर’ ही रचना पुरी केली. चार एकल गायक, मोठा समूह आणि पूर्ण वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेली, दहा भागांची, सुमारे दीड तासाची. शब्द तेराव्या शतकातल्या लॅटिन काव्याचे. क्रुसावर खिळलेल्या मुलाच्या पायाशी उभी असलेली मरिया हा त्याचा विषय. मरियेच्या या दुःखाशी मराठीचीही जुनी ओळख आहे. फादर स्टीफन्स यांनी 1616मध्ये गोव्यात छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त क्रुसाजवळची ही आई ओव्यांतून आली आहे.

तीन मुलं गेली आणि बापाने दुःखाच्या भरात ही रचना लिहून काढली, अशी हकिगत सगळीकडे सांगितली जाते. तारखा पाहिल्या की ती अपुरी पडते. रचनेचा पहिला खर्डा फेब्रुवारी ते मे 1876 मधला आहे. तेव्हा योसेफा जाऊन सहा महिने झाले होते, ओताकार घरात खेळत होता आणि रूझेना अजून जन्मायची होती. त्या खर्ड्यात सातच भाग होते आणि साथीला फक्त पियानो. द्वोर्झाकने तो बाजूला ठेवला आणि दुसऱ्या कामांना लागला. दोन्ही मुलं गेल्यावर, ऑक्टोबर 1877मध्ये, त्याने ते कागद परत हाती घेतले, वाद्यवृंदाची साथ लिहिली आणि तीन नवे भाग घातले. आज आपण ऐकतो त्या क्रमात ते पाचवा, सहावा आणि सातवा.

मला या रचनेत सगळ्यात मोलाची वाटते ती हीच गोष्ट. दुःखाच्या पहिल्या तडाख्यात माणसाच्या हातून काही होत नाही. द्वोर्झाकच्या हाताशी आधी बांधलेली वास्तू होती. तिच्यात त्याने तीन खोल्या वाढवल्या. म्हणूनच त्या कशा आहेत हे नीट पाहावंसं वाटतं.

त्याआधीचे भाग जड आहेत. सुरुवातीला एकच स्वर वाद्यवृंदात सप्तकामागून सप्तक चढत जातो आणि मग सगळे कोमल-शुद्ध स्वर घेत, एकेक पायरी मोजत खाली उतरतो. तिसऱ्या भागाची चाल तर अंत्ययात्रेच्या पावलांची. आणि मग येतो पाचवा. इथे रडणं-ओरडणं अपेक्षित असतं, आणि कानावर येते हलकी, डोलणारी सहा मात्रांची लय. पाळण्याला झोका द्यावा तशी. शब्द जखमांचे आहेत, लय अंगाईची. मध्ये एकदा समूह उसळतो, मग झोका पुन्हा सुरू होतो. रिकाम्या पाळण्याला सवयीने हात लागावा असं ते संगीत आहे.

सहाव्या भागात एकही बाईचा आवाज नाही. एक टेनर, म्हणजे वरच्या पट्टीतला पुरुष, गातो आणि त्याच्यामागून पुरुषांचा समूह तेच शब्द हळू उचलून धरतो. विनवणी एवढीच आहे, की जन्मभर तुझ्याबरोबर मलाही खरं रडू दे. आईचं दुःख जगाला दिसतं, तिच्याभोवती बायका जमतात. बापाने मात्र तोंड मिटून तिरडीची तयारी बघायची. आपल्याकडे हे वेगळं सांगायला नको. द्वोर्झाकने इथे पुरुषांना रांगेने उभं केलं आणि त्यांच्याकडून रडण्याची परवानगी मागवली. काव्यात हे कडवं कुणा एका पुरुषाचं नाही. ते पुरुषांना देणं हा संगीतकाराचा निर्णय होता.

सातव्या भागात वाद्यं बराच वेळ गप्प राहतात आणि नुसता समूह गातो. इथे समूहगायकांची एक युक्ती सांगायला हवी. स्वर लांबवायचा असतो तेव्हा सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नसतो. शेजारचा गात असताना आपण घ्यायचा, आपण गात असताना त्याने. प्रत्येक जण मधूनच थांबतो, पण स्वर तुटत नाही. कीर्तनात बुवांचा गळा दाटून आला की टाळकरी ध्रुपद उचलतात, तसंच हे. गोविंदाग्रजांच्या ‘राजहंस माझा निजला’मध्ये बोलते ती एकटी आई, आणि तिथे ऐकणाऱ्याचा जीव गुदमरतो. समूहात एकाचा आवाज फुटला तरी गाणं पुढे जात राहतं. एका गळ्याला न पेलणारं दुःख तिथे वाटून घेतलं जातं.

हे आनाला कळलं असणार असं मला वाटतं. लग्नाआधी तीही प्रागच्या नाट्यगृहातल्या समूहात गात असे.

इंग्लंडच्या हर्बर्ट हॉवेल्सची गोष्ट याच वळणाची. सप्टेंबर 1935मध्ये सुट्टीवर असताना त्याच्या नऊ वर्षांच्या मायकेलला पोलिओ झाला आणि तीन दिवसांत तो गेला. लस यायला अजून 20 वर्षं होती. हॉवेल्सच्या कपाटात 1932च्या सुमारास लिहिलेलं एक रिक्वियम, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, पडून होतं. मायकेल तेव्हा हसता-खेळता होता. पुढे हॉवेल्सने त्यातला बराच मजकूर घेऊन 1938मध्ये ‘हिम्नस पॅराडिसी’ ही मोठी रचना केली आणि ती कुणाला दाखवली नाही. 12 वर्षं ती घरात राहिली. अखेर संगीतकार व्हॉन विल्यम्स यांच्यासारख्या जवळच्यांनी आग्रह धरला आणि 7 सप्टेंबर 1950 रोजी ग्लॉस्टरच्या कॅथेड्रलमध्ये हॉवेल्सने स्वतः ती सादर केली. आदल्याच दिवशी मायकेलला जाऊन 15 वर्षं झाली होती. या रचनेतला प्रकाश मला द्वोर्झाकपेक्षाही सोसवत नाही. समूहाचे स्वर एकमेकांवर चढत इतके उजळतात की डोळे मिटावे लागतात.

असाच आणखी एक बाप यानाचेक, त्याच्याबद्दल थोडक्यात. लेओश यानाचेक या मोरावियाच्या संगीतकाराचा लहानगा मुलगा 1890मध्ये गेला आणि 20 वर्षांची ओल्गा 1903मध्ये विषमज्वराने. तिच्यासाठी त्याने टेनर, समूह आणि पियानो यांच्यासाठी एक छोटी शोकरचना केली, रशियन शब्दांवर. ती लोकांसमोर आली 1930मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. याच यानाचेकने 1882मध्ये ब्रनो शहरात द्वोर्झाकचं ‘स्टाबात माटेर’ बसवलं होतं. दुसऱ्या बापाचं दुःख त्याने अनेक गळ्यांतून घडवून घेतलं होतं, स्वतःचं मात्र जवळच ठेवलं.

द्वोर्झाकची रचना 23 डिसेंबर 1880 रोजी प्रागमध्ये पहिल्यांदा झाली. 1884च्या मार्चमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये तो स्वतः ती सादर करायला उभा राहिला. तिथल्या गायकांचा आकडा, वरच्या पट्टीपासून खर्जापर्यंत, त्याने पत्रात हौसेने कळवला आहे: 250 सोप्रानो, 160 आल्टो, 180 टेनर, 250 बास. एकूण 840 गळे. ज्या काळात लहान मूल जाणं घरोघरी घडत होतं त्या काळातली ही माणसं. त्यांच्यातल्या कितीजणांनी आपलं लेकरू पुरलेलं असेल! सहाव्या भागात समोरचे पुरुष गायला लागले तेव्हा तो एकटा उरला नव्हता. घरीही पुन्हा मुलं आली होती. पुढच्या वर्षी जन्मलेल्या मुलाचं नाव त्याने परत ओताकारच ठेवलं.

वाचकांना एवढंच सांगणं आहे: दीड तास सलग मिळाला तर ‘स्टाबात माटेर’ पहिल्या स्वरापासून ऐका. नाही मिळाला, तर पाचवा, सहावा आणि सातवा भाग लागोपाठ ऐका, वीसेक मिनिटं लागतील. लॅटिन कळत नाही म्हणून अडू नका. आणि शक्यतो एकट्याने ऐकू नका, घरातलं कुणीतरी शेजारी बसवा.