इंजिनाची चिप आणि ताकदीचा हिशेब



पिकअप ट्रकच्या इंजिनाची ताकद वाढविणारी चिप कशी निवडावी, हा आजचा विषय आहे. पुढे चालकाची केबिन आणि मागे उघडा हौदा, अशी ही गाडी भाजीपाला किंवा सिमेंटची पोती वाहताना आपण रोज पाहतो. परंतु चिपचा प्रश्न खरा रंगला तो अमेरिकेत. तेथील शेतकरी, घरे बांधणारा कंत्राटदार किंवा घोडे पाळणारा गृहस्थ सहा-सात लिटरांच्या डिझेल इंजिनाची पिकअप बाळगतो, आणि तिच्यामागे काही टनांचा ट्रेलर जोडून डोंगर चढतो. म्हणून उदाहरणही तेथलेच घेऊ.

फोर्ड कंपनीच्या एफ-२५० जातीच्या पिकअपमध्ये १९९४ ते २००३ या काळात ७.३ लिटरचे ‘पॉवर स्ट्रोक’ डिझेल इंजिन मिळत असे. ते बनविले होते नॅव्हिस्टार कंपनीने. या इंजिनात डिझेल किती फवारावयाचे, केव्हा फवारावयाचे आणि किती दाबाने, हे सारे एक लहानसा संगणक ठरवितो. त्या संगणकपेटीच्या एका अंगाला तपासणीसाठी ठेवलेली खाच आहे. चिप बसते ती या खाचेत. ती बसली की संगणक कारखान्याने दिलेली कोष्टके बाजूला ठेवून चिपमधील कोष्टके वाचू लागतो. परिणामी डिझेल अधिक पडते, अधिक दाबाने पडते आणि किंचित आधी पडते. चिप काढली की गाडी पूर्ववत होते. पुष्कळ चिपांना फिरविण्याची कळही असते: एका खुणेवर मूळचा कार्यक्रम, दुसरीवर ओझे ओढण्याचा, तिसरीवर वेगाचा.

आता मूळ प्रश्न असा की, ही वाढलेली ताकद येते कोठून? नखाएवढ्या चिपमध्ये ताकद नसते, हे उघड आहे. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. येथे आडात पाणी होते, पण बनविणाऱ्याने ते मुद्दाम राखून ठेवले होते. एकच इंजिन ॲरिझोनाच्या उन्हात आणि अलास्काच्या थंडीत चालले पाहिजे. वेळच्या वेळी तेल न बदलणाऱ्याच्या हातीही ते टिकले पाहिजे. या सर्वांसाठी ठेवलेली जी शिल्लक, तीच चिप खर्चावयास काढते. तेव्हा चिप निवडणे म्हणजे कोणती शिल्लक, किती आणि कशासाठी खर्च करावयाची, हे ठरविणे होय.

थोडे गणित करून पाहू. समजा, चिपमुळे ६० अश्वशक्ती वाढली. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. तेव्हा वाढ झाली सुमारे ४५ किलोवॉटची. इंधनातील शक्तीपैकी १०० त ४० भाग इंजिन कामी लावते असे सोयीसाठी धरले, तर या वाढीसाठी सुमारे ११२ किलोवॉटचे डिझेल जाळावे लागेल. उरलेले ६७ किलोवॉट उष्णता होऊन बाहेर पडणार. हजार वॉटच्या ६७ इस्त्र्या एकाच वेळी तापवून इंजिनाला चिकटविल्या आहेत, अशी कल्पना करा. ती सारी उष्णता रेडिएटर आणि धुराचा नळ यांनी वाहून न्यावयाची आहे.

सपाट रस्त्यावर क्षणभर जोर लावला तर हे निभावते. घाटात निभावेलच असे नाही. कोलोरॅडो राज्यात आंतरराज्य महामार्ग ७० वर आयझेनहॉवर बोगदा आहे. त्याची उंची सुमारे ३,४०० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या जवळजवळ अडीचपट. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशच उरतो. टर्बो ही तूट काही अंशी भरून काढतो. परंतु चिप डिझेल ओतीतच राहिली आणि हवा कमी पडली, तर काळा धूर निघतो आणि धुराचे तापमान चढत जाते. जाणते चालक त्यासाठी धुराच्या नळात तापमापक बसवितात, आणि १२५० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ६७५ अंश सेल्सिअस, ही दीर्घकाळ चालविण्याची मर्यादा मानतात. ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते आणि इंजिनाचे पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात. खालून तेलाचा गारवा मिळतो म्हणून ते तगतात. पण त्या गारव्यालाही सीमा आहे. म्हणून चिप घेण्यापूर्वी हा तापमापक घ्यावा.

इंजिनानंतर पाळी येते गिअरपेटीची. स्वयंचलित गिअरपेटीत क्लचच्या चकत्या तेलाच्या दाबाने एकमेकींवर आवळलेल्या असतात. पीळ वाढला आणि दाब तेवढाच राहिला, तर चकत्या घसरतात व जळतात. डिझेलबरोबर हा दाबही वाढविणारा कार्यक्रम ज्या चिपमध्ये असेल, तीच स्वयंचलित गाडीला योग्य.

आता निवडीकडे वळू. पहिला प्रश्न कामाचा. ट्रेलर ओढावयाचा असेल तर साधारणपणे ४० ते ६० अश्वशक्ती वाढविणारा सौम्य कार्यक्रम पुरे. शर्यतीचा कार्यक्रम लावून ओझे ओढू नये. दुसरे, त्या गाडीच्या संगणकावर जी सांकेतिक अक्षरे छापलेली असतात, त्यांना अनुसरूनच चिप तयार करून घ्यावी. तिसरे, खाचेतील धातूच्या टोकांवर कारखान्याचा संरक्षक लेप असतो. तो नीट साफ केल्याखेरीज चिप बसवू नये, नाही तर चालत्या गाडीचे इंजिन अवचित बंद पडते.

बाजारात स्वस्त फसवणूकही आहे. काही तथाकथित चिपा म्हणजे हवेच्या तापमानमापकाच्या तारेत घातलेला साधा विद्युत्‌रोधक असतो. ‘हवा थंड आहे’ असे संगणकाला खोटेच सांगून तो इंधन वाढवितो. काही डब्यांत तर लुकलुकणाऱ्या दिव्यांपलीकडे काहीच नसते. एकच वस्तू सर्व गाड्यांना चालते आणि ताकद वाढवून इंधनही भरपूर वाचविते, असे कोणी म्हणाला की वरचे गणित आठवावे.

येथवरचा हिशेब आपल्या खिशाचा झाला. दुसरा हिशेब शेजाऱ्याच्या फुप्फुसांचा आहे. २००७ पासून अमेरिकेतील नव्या डिझेल पिकअपना काजळी अडविणारी गाळणी आली. ती काढून टाकून तिच्याविना इंजिन चालविणारे कार्यक्रम विकले गेले. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये अंदाज दिला की, मागील सुमारे दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपची प्रदूषण-नियंत्रक साधने अशी काढली गेली. स्वच्छ हवेच्या कायद्याला हे मंजूर नाही. कॅलिफोर्नियाचे हवा मंडळ तपासून मान्य केलेल्या सुट्या साधनांना आदेश-क्रमांक देते. असा क्रमांक असलेली वस्तू घेणे हा सरळ मार्ग. आपल्याकडेही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे. नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल करण्यास ते मनाई करते.

एक गोष्ट शेवटी सांगितलीच पाहिजे, कारण तिच्यात प्राणांचा प्रश्न आहे. चिपने गाडीची ओढण्याची ताकद वाढते, थांबण्याची वाढत नाही. किती ओझे ओढावे ही मर्यादा कंपनी ठरविते ती ब्रेक, सांगाडा, आस आणि टायर यांचा विचार करून. आणि यांतील एकही वस्तू चिप बदलीत नाही. चढणीवर हलका वाटलेला ट्रेलर उतारावर तेवढाच जड असतो. जो मनुष्य हे ध्यानात ठेवून, कामापुरती आणि कायद्यात बसणारी चिप घेईल, त्याला तिचा उपयोग होईल. ज्याचे काम मूळ ताकदीत भागते, त्याने ते पैसे नव्या टायरांना आणि ब्रेकच्या दुरुस्तीला घालावेत.