डॉक्टरांची झोंप

गेल्या दिवाळींत आमची पुतणी चार दिवसांची रजा काढून घरीं आली. एम्. बी. बी. एस्. होऊन ती सध्यां एका मोठ्या रुग्णालयांत पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. नरकचतुर्दशीस अभ्यंगस्नान आटोपून सारी मंडळी फराळास बसली, आणि पाहतों तों हातांतली चकली तशीच धरून ही भिंतीला टेकून गाढ झोंपलेली! मुलें हंसलीं. वहिनींनीं मात्र मुकाट्यानें तिच्या अंगावर शाल घातली.

दुपारीं ती मजजवळ म्हणाली, "काका, शरीर थकतें, त्याचें मला कांहीं वाटत नाहीं. पण परवां रात्रीं एक म्हातारे गृहस्थ वारले, आणि माझ्या मनांत पहिला विचार आला तो हा, कीं एका रोग्याचें काम कमी झालें, आतां तासभर पाठ टेकतां येईल. तेव्हांपासून मला माझीच भीति वाटते."

मीं नेहमींचें उत्तर दिलें : "अग, विद्या म्हटली कीं कष्ट आलेच. होईल संवय." त्यावर तिनें पुढें एक अक्षर काढलें नाहीं. तिचें तें गप्प होणें मला लागून राहिलें, आणि ह्या विषयावर मिळेल तें वाचूं लागलों.

ह्या अवस्थेस 'बर्नआउट' असें नांव आहे. दिव्यांतलें तेल संपून वातच जळूं लागावी, तशी ही मनाची स्थिति होय. न्यूयॉर्क येथील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर ह्यांनीं १९७४ सालीं एका मोफत दवाखान्यांतील सेवकांच्या अनुभवावरून तिचें वर्णन केलें. क्रिस्टिना मॅस्लाक ह्यांनीं पुढें तिचीं तीन लक्षणें ठरविलीं : मनाला आलेला शीण, रोग्यांविषयीं येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून कांहींच धड होत नाहीं ही भावना. म्हणजे माझ्या पुतणीस ज्या विचाराची लाज वाटत होती, तो तिच्या स्वभावांतला दोष नसून अतिश्रमाची खूण होती. जागतिक आरोग्य संघटनेनेंही २०१९ सालीं ह्या अवस्थेचा संबंध थेट कामाच्या ठिकाणच्या ताणाशीं जोडला आहे.

मग अहोरात्र राबविण्याची ही रीत आली कोठून? अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ सालीं उघडलें. तेथील शस्त्रवैद्य विल्यम हॉल्स्टेड ह्यांनीं उमेदवारांनीं रुग्णालयांतच राहून वर्षानुवर्षें काम करावें, अशी शिस्त घातली. 'निवासी डॉक्टर' ह्या शब्दांत त्या वस्तीची खूण आजही उरली आहे. ह्याच हॉल्स्टेडना कोकेनचे प्रयोग स्वतःवर करतां करतां त्याचें व्यसन जडलें होतें व पुढें मॉर्फीनचेंही जडलें, हें मात्र ती शिस्त वाखाणणारे क्वचितच सांगतात.

जागरणाची किंमत एकटा डॉक्टरच देतो असें नाहीं. सतरा तास जागलेल्या माणसाच्या हाताडोळ्यांचा मेळ थोडें मद्य प्यालेल्या माणसाइतका बिघडतो, असें ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं १९९७ सालीं दाखविलें. बोस्टन येथें २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, जुन्या पद्धतीच्या लांब पाळ्या करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांच्या हातून, कमी तास काम करणाऱ्यांपेक्षां सुमारें ३६ टक्के अधिक गंभीर चुका झाल्या. १९८४ सालीं न्यूयॉर्कमध्यें लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी रुग्णालयांत दाखल झाल्यावर कांहीं तासांतच दगावली. तिच्या वडिलांनीं शिकाऊ डॉक्टरांच्या प्रदीर्घ पाळ्यांविरुद्ध आवाज उठविला, आणि १९८९ पासून त्या राज्यांत आठवड्यास ८० तासांची मर्यादा आली.

आपल्याकडेही केंद्र सरकारच्या १९९२ च्या योजनेंत निवासी डॉक्टरांस सामान्यतः आठवड्यास ४८ तास व एका वेळीं १२ तासांहून अधिक काम असूं नये, असें लिहिलेलें आहे. माझी पुतणी मात्र कित्येकदां ३६ तासांनीं वॉर्डाबाहेर पडते.

रोग्यांची गर्दी व डॉक्टरांची वाण ह्यांवर तोड काढणें हें सरकारचें काम. त्यासाठीं आग्रह धरणें हें आपणां नागरिकांचें. परंतु घरांतल्या वडीलमाणसांच्या हातींही थोडें आहे. प्रवेश मिळाला म्हणून पेढे वाटणाऱ्या आपण त्या मुलांचें रडगाणेंही ऐकून घ्यावें. तीं थकलों म्हणालीं तर त्यांस दुबळीं समजूं नये, आणि गरज पडल्यास मनाच्या डॉक्टरकडे जाण्यांत कमीपणा मानूं नये.

भाऊबीजेच्या संध्याकाळीं ती परत निघाली. वहिनींनीं फराळाचा डबा दिला. मीं एवढेंच म्हणालों, "त्या दिवशीं तुझें बोलणें अर्धेंच राहिलें. मीं चुकलों. रात्रीं-अपरात्रीं केव्हांही फोन कर."

परवां पहांटे तीन वाजतां तिचा फोन आला. ती बराच वेळ बोलत होती. ह्या खेपेस मीं उपदेश केला नाहीं, नुसतें ऐकलें.